खिडकी उघडी, तरी सेवा दूर: बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सेवा देताना या चुका टाळा

बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती सार्वजनिक सेवेच्या खिडकीशी आली, की पहिली चूक बहुधा पहिल्याच वाक्यात होते. कर्मचारी तिच्यावरची नजर काढून सोबतच्या नातेवाइकाला विचारतो, "यांचं नाव काय? यांना काय हवंय?" वास्तविक तिला स्वतःचे नाव सांगता येते आणि आपण कशासाठी आलो हेही बऱ्याचदा ठाऊक असते, उत्तर यायला थोडा अधिक वेळ लागतो, इतकेच, आणि तेवढी शांतता आपल्याला सोसत नाही. प्रश्न तिलाच विचारावा, थांबावे, आणि सोबत्याची मदत घ्यायची की नाही हे तिलाच ठरवू द्यावे.

संज्ञेचा घोळही आधीच निस्तरलेला बरा. ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणजे बौद्धिक अक्षमता, तर इतर अनेक देशांत त्याच शब्दांनी डिस्लेक्सियासारखी (म्हणजे लिहिलेले वाचणे अवघड जाणारी) अध्ययन अक्षमता अभिप्रेत असते. डिस्लेक्सिया असलेल्या माणसाला पत्र वाचून दाखवले की पुष्कळदा काम भागते. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला तेच अवघड पत्र मोठ्याने वाचून दाखवल्याने काहीच साधत नाही, कारण अडचण मुळात पत्राच्या भाषेत असते.

ही भाषा जवळून पाहू. "त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत न केल्यास आपला अर्ज निकाली काढण्यात येईल," असे पत्र घरी येते. ‘निकाली काढणे’ म्हणजे काम झाले, असे समजून एखादा निर्धास्त राहिला तर त्यात त्याचा दोष कोणता? हाच मजकूर असाही लिहिता येतो: "तुमच्या अर्जाला एक कागद कमी आहे. तो कागद म्हणजे पत्त्याचा पुरावा. तो १५ तारखेपर्यंत आणून द्या. नाही दिला, तर तुमचा अर्ज रद्द होईल." सुलभ वाचनाची, म्हणजे समजायला सोपा मजकूर लिहिण्याची, युरोपीय मानके २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सोपे शब्द आणि छोटी वाक्ये वापरावीत, हे त्यांत आहेच. पण सर्वांत महत्त्वाचा आग्रह असा, की मजकूर तयार करताना बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना सामील करून घ्यावे. नेमके हेच वगळले जाते. मग अवघड परिच्छेदांशेजारी चार रंगीत चित्रे चिकटवून पत्रक ‘सुलभ’ झाल्याचे जाहीर होते.

"समजलं ना?" हा प्रश्न तर सोडूनच द्यावा. आयुष्यभर चुका दाखवल्या गेलेला माणूस समोरच्याला बरे वाटावे म्हणून "हो" म्हणतो, आणि नोंदीत ‘माहिती समजावून सांगितली’ असा शेरा पडतो. त्याऐवजी "मी नीट सांगितलं का, ते मला बघायचंय, आता तुम्ही काय करणार, ते सांगाल का?" असे विचारावे. उत्तर अडखळले, तर समजावण्याची पद्धत बदलावी, आवाज चढवू नये.

ऑनलाइन सेवेत लोक बहुधा लॉगिनपाशीच अडतात: आकडे लक्षात ठेवा, कोडे सोडवा, वेळ संपली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. लॉगिन करताना पासवर्ड आठवणे किंवा कोडे सोडवणे हा एकमेव मार्ग नसावा आणि एकदा भरलेली माहिती त्याच प्रक्रियेत विनाकारण पुन्हा मागू नये, अशा अपेक्षा तिच्यात आहेत. तरीही माणसाशी बोलून काम होण्याची सोय बंद करू नये.

सर्वांत घातक चूक मात्र आरोग्यसेवेत होते. नेहमी शांत असणारा माणूस अचानक जेवेनासा झाला, डोके आपटू लागला, तर ‘त्याच्या स्थितीमुळेच असेल’ असे मानून दुखणाऱ्या दाताकडे किंवा बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष होते. वागण्यातला असा बदल आधी शारीरिक दुखणे म्हणून तपासावा, आणि त्याचे नेहमीचे वागणे कसे असते हे ओळखीच्या माणसाला जरूर विचारावे. नातेवाइकाला बाजूला सारणे हीसुद्धा चूकच.

निर्णयाच्या बाबतीतही हाच तोल लागतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये स्वीकारला गेला. त्याचे १२ वे कलम या व्यक्तींची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मान्य करते आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार मिळवून देण्याची जबाबदारी करारात सामील देशांवर टाकते. म्हणून "सही नातेवाइकाची चालेल" हा सोयीचा मार्ग पत्करण्याआधी पर्याय चित्रांनी दाखवले का, पुन्हा भेटीची वेळ दिली का, हे पाहावे.

भेटीसाठी जास्त वेळ, गर्दी नसलेली वेळ, फोनऐवजी पत्र, अशा सोयी एकदा विचारून व्यक्तीच्या संमतीने नोंदवून ठेवाव्यात, म्हणजे दर खेपेस नव्या कर्मचाऱ्यापुढे तीच कहाणी सांगावी लागत नाही. बदल खरोखर उपयोगी पडला का, हे पाहण्यासाठी अशाच एखाद्या व्यक्तीला योग्य मानधन देऊन बोलवावे, प्रवेशद्वारापासून योग्य खिडकीपर्यंत एकटे जायला सांगावे, आणि मध्ये न बोलता मागे चालत ती कुठे थबकते तेवढे टिपून घ्यावे.