पझेशन लेटरवर सही करायच्या आधी फ्लॅट नीट तपासून घ्या

बिल्डरचा फोन येतो, 'सर ओसी (इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) आली, उरलेलं पेमेंट करा आणि चावी न्या', आणि आपण पेढे घेऊन पळतो. पेढे न्या, पण आधी दोनेक तास फ्लॅटमध्ये काढा, कारण पझेशन लेटरमध्ये, म्हणजे ताबा घेतल्याच्या पत्रात, बहुतेक वेळा 'फ्लॅट पाहिला, काही तक्रार नाही' अशी ओळ असतेच, त्याखाली सही झाली आणि शेवटचा चेक गेला की सुपरवायझर 'माणूस पाठवतो' म्हणत महिने काढतो.

जायचं दिवसाउजेडी. मोठा पाऊस पडून गेल्यावर जमलं तर सोन्याहून पिवळं, खिडकीच्या कोपऱ्यांतली ओल लगेच कळते. सोबत टेप, मोबाईलचा चार्जर, बादली, एक नाणं आणि खडू.

आधी बाथरूम, खरी डोकेदुखी तिथेच असते. बादलीभर पाणी ओता आणि बघत उभे राहा, सगळं पाणी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जाळीच्या भोकाकडे, गेलं पाहिजे. कोपऱ्यात डबकं राहिलं किंवा पाणी दाराकडे आलं तर स्लोप चुकलाय, आणि हे राहायला गेल्यावर दुरुस्त करायचं म्हणजे टाइल्स फोडणं आलं. जमलं तर ट्रॅप बंद करून पाणी तुंबवा, एक दिवस तसंच ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं सीलिंग बघून या. आपल्या डोक्यावरचं सीलिंगही बघा, वरच्यांची गळती आपल्याकडेच येणार.

मग टाइल्सवर नाण्याने ठोकत जा, पोकळ आवाज आला की खडूने फुली. प्रत्येक सॉकेटला चार्जर लावा, डीबीमधल्या (विजेच्या मुख्य बोर्डातल्या) ईएलसीबीचं, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा, स्विच पडला पाहिजे. खिडक्या-दारं उघडझाप करून बघा, बस्स.

कार्पेट एरिया (फ्लॅटचं आतलं वापरायचं क्षेत्रफळ) मोजताना एक लक्षात ठेवा, रेराच्या (घरखरेदीच्या कायद्याच्या) हिशोबात आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाल्कनी धरत नाहीत, त्यामुळे टेपचा आकडा थोडा कमी येतो, लगेच भांडायला जाऊ नका.

'रेराची पाच वर्षं गॅरंटी आहेच की' असं लोक म्हणतात. आहे, कलम 14(3) प्रमाणे बांधकामातला दोष कळवल्यावर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. पण तडा गेलेली टाइल, चरा पडलेली काच यावर 'तुमच्या सामानाने झालं असेल' हे उत्तर तयार असतं (आणि सामान चढवताना खरंच होतंही तसं).

रीसेल असेल तर रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी परत एक चक्कर मारा, शक्यतो घर रिकामं झाल्यावर. कपाटामागची ओल तेव्हाच दिसते. पंखे, गीझर, किचनची चिमणी यातलं काय राहणार ते ॲग्रीमेंटमध्येच लिहून घ्या, तोंडी 'सगळं तुमचंच' म्हणणारे एसी काढून नेतात. लाइट बिल, प्रॉपर्टी टॅक्स आणि सोसायटीचं नो ड्यूज तेव्हाच हातात घ्या.

नव्या फ्लॅटमध्ये सापडलेलं सगळं फोटोंसकट बिल्डरला मेल करा, व्हॉट्सॲपवर भागवू नका. दुरुस्ती झाली म्हणाले की तीच यादी घेऊन परत जा, आणि तरीही काही राहिलं असेल तर ते पझेशन लेटरवर स्वतःच्या हाताने लिहा, तारीख टाका, त्यांच्या माणसाची सही घ्या, मग आपली करा.