खडबडीत रस्त्यावरच्या शर्यतीसाठी सायकलचे टायर कसे निवडावेत

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात हमखास कुणीतरी विचारतं, ‘कुठला टायर घेऊ?’ आणि बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात नक्षीच असते: गुळगुळीत घ्यावा की बटणांसारखे उंचवटे असलेला. मी उलटा प्रश्न विचारतो, ‘हवा किती ठेवणार आहेस?’ कारण खराब रस्त्यावर टायर निवडायचा तो रिमला धक्का न बसता हवा किती खाली आणता येईल, हे पाहून. रुंदी, कापड, ट्यूब की ट्यूबलेस, हे सगळे निर्णय त्या एका आकड्यापाशी येऊन थांबतात. नक्षीचा नंबर शेवटी लागतो.

आधी रस्ता वाचा

‘खडबडीत’ हा शब्द फार ढिला आहे. उत्तर फ्रान्समधली पॅरिस–रुबे शर्यत १८९६ पासून चालत आली आहे. तिच्या साधारण २६० किलोमीटरपैकी ५५ च्या आसपास किलोमीटर दगडी फरसबंदीचे असतात. तिथे दगड मोठे, गोलसर पाठीचे आणि घट्ट रोवलेले. मार बसतो तो आदळण्याचा. इटलीतल्या तोस्कानामध्ये २००७ साली सुरू झालेल्या स्त्रादे बियांकेत पांढऱ्या मातीचे कच्चे रस्ते आहेत. खाली कठीण, वर बारीक खडी, त्यामुळे वळणावर सायकल सरकते. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होणाऱ्या अनबाउंड ग्रॅव्हलचा मुख्य मार्ग २०० मैलांचा, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरचा. तिथली गारगोटी टायरची बाजू सुरीसारखी चिरते आणि पाऊस झाला की चिखल चाकं अडवून धरतो. तिन्ही रस्ते खडबडीतच, पण एका ठिकाणचा उत्तम टायर दुसरीकडे रडवेल.

तेव्हा शर्यतीचा मार्ग जमेल तितका आधी चालवून पाहा आणि चार गोष्टी टिपा: डांबरी भाग किती, कच्चा भाग घट्ट की भुसभुशीत, दगड गोल की धारदार, आणि पाऊस पडला तर तिथली माती चिकटते का. सगळा मार्ग पाहता आला नाही तर सर्वांत वाईट दोन किलोमीटर तरी पाहाच. चांगल्या रस्त्यावर थोडा जड टायर काही सेकंद खातो. वाईट पट्ट्यात फाटलेला टायर शर्यतच खातो.

सायकलमध्ये जागा किती आहे?

दुकानात जाण्याआधी फूटपट्टी काढा. फ्रेम आणि पुढचा फोर्क दोन्हीकडे मोजा: टायरच्या बाजूंना आणि वरच्या अंगाला किती मोकळी जागा उरते ते. उत्पादकाने दिलेली कमाल रुंदी हीच मर्यादा मानायची. त्यातही प्रत्येक बाजूला निदान ४–५ मिलिमीटर फट हवी, चिखलाची शक्यता असेल तर त्याहून जास्त. फट कमी असली की ओली माती फ्रेम आणि टायरमध्ये अडकते, वाळूच्या कागदासारखी रंग खरवडते आणि शेवटी चाक फिरेनासं होतं.

टायरवर ३२-६२२ असं काही छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा, रिमवर टायर जिथे बसतो त्या घेराच्या व्यासाचा. ६२२ म्हणजे ज्याला सगळे ७००सी म्हणतात ते चाक. ५८४ म्हणजे ६५०बी. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, तिथे ‘चालून जाईल’ नाही. पहिला मात्र थोडा फसवा असतो. रिम आतून जितकी रुंद, तितका तोच टायर जास्त फुगतो, शिवाय नवा टायर हवा भरल्यावर दिवसभरात थोडा ताणला जातो. ३२ लिहिलेला टायर रुंद रिमवर सहज ३४ भरू शकतो. म्हणून बसवून, हवा भरून, दुसऱ्या दिवशी व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि मगच जागा पुरते की नाही ते ठरवा. मी एकदा हे न करता गेलो होतो. शर्यतीनंतर फ्रेमच्या आतल्या बाजूला टायरने कोरलेली गोलाई दिसली. ती आजही तशीच आहे.

सायकलोक्रॉसच्या, म्हणजे चिखल-गवताच्या छोट्या मार्गावर फेऱ्या मारायच्या शर्यतीच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणार असाल तर जागा कितीही असो, टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. इतर शर्यतींचे नियम आयोजकांकडून पाहून घ्या.

रुंदी: शंका असेल तर एक पायरी वर

रुंद टायर संथ, ही समजूत अजून गेलेली नाही. ती आली गुळगुळीत ट्रॅकवरून. तिथे जास्त हवेचा, ताठ, बारीक टायर खरोखर पळतो. खराब रस्त्यावर गणित बदलतं. ताठ टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि स्वार दोघांनाही वर उचलतो. वर उचलायला लागलेली ताकद पुढे जायला मिळत नाही. ती स्वाराच्या स्नायूंत, मांड्या-खांद्यांच्या थरथरीत जिरते. मऊ टायर दगड स्वतःच्या पोटात घेतो आणि सायकल जवळजवळ सरळ रेषेत जाते. हात कमी बधीर होतात हा फायदा आहेच, पण इथे आराम म्हणजेच वेग.

मग बारीक टायरमध्येच हवा कमी का ठेवू नये? कारण रिम दगडावर आदळते. २८ ऐवजी ३२ चा टायर घेतला की आतली जागा सुमारे ३० टक्क्यांनी वाढते. २८ वरून ४० वर गेलं की जवळपास दुप्पट होते. तेवढी हवा धक्का झेलायला मिळाली की दाब खाली आणता येतो.

माझे ठोकताळे असे. डांबरी रस्ता आणि मधेमधे दगडी किंवा कच्चे पट्टे: ३० ते ३५. बहुतेक कच्चा पण घट्ट रस्ता: ३८ ते ४२. सुटी, जाड खडी, धारदार दगड, लांब पल्ला: ४५ किंवा त्याहून जास्त, फ्रेम परवानगी देईल तितकं. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या. दोन्ही चाकांना एकच माप हवं असंही नाही. फोर्कमध्ये मागच्यापेक्षा जास्त जागा असेल तर पुढे एक माप रुंद टायर घाला. मागचं चाक घसरलं तर बहुधा सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण जमिनीवरच असतो.

कापड आणि कवच

टायर म्हणजे रबर नव्हे. खरा टायर आतलं धाग्यांचं कापड, ज्याला केसिंग म्हणतात. रबर त्यावर चढवलेलं असतं. केसिंग जितकं लवचीक, तितकी टायर दबताना-उलगडताना कमी ऊर्जा वाया जाते. बोटांनी बाजू चिमटून पाहा: मऊ चामड्यासारखी दुमडली तर पळणारा टायर, पुठ्ठ्यासारखी कडक लागली तर टिकणारा. खोक्यावरचा टीपीआय, म्हणजे इंचातल्या धाग्यांची संख्या, थोडी दिशा दाखवतो: ६० चं कापड जाड व दणकट, १२० चं बारीक व लवचीक. पण काही उत्पादक दोन-तीन थरांचे धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भाळू नका.

पंक्चर रोखणारी पट्टी कुठे आहे ते मात्र जरूर विचारा. काही टायरमध्ये ती फक्त जमिनीला लागणाऱ्या भागाखाली असते. काटे आणि काचांसाठी तेवढं पुरतं. धारदार दगडांच्या रस्त्यावर चीर बाजूला पडते, तेव्हा कवच या काठापासून त्या काठापर्यंत हवं. दर टायरमागे ५०–१०० ग्रॅम वजन वाढतं आणि टायर किंचित जड पळतो. गारगोटीचा रस्ता असेल तर मी हे वजन हसत उचलतो. गोल दगडांच्या फरसबंदीवर उचलत नाही, तिथे लवचीक कापड जास्त कामाचं.

ट्यूब की ट्यूबलेस

खराब रस्त्याच्या शर्यतीला ट्यूबलेस, हे माझं सरळ मत. ट्यूब असली की दाब कमी केल्यावर दगड आणि रिम यांच्या मध्ये ती चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. ट्यूबच नसेल तर चिमटणार काय? शिवाय आतलं द्रव सीलंट बारीक भोकं तुम्हाला न कळवताच बुजवतं. ३० च्या आसपासच्या टायरला ४०–५० मिलिलिटर, ४० च्या पुढे ६०–८०. ते काही महिन्यांत सुकतं, म्हणून शर्यतीआधी चाक काढून कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली नाही तर नवीन भरा.

रिमला आतून टायर धरणारी कड नसेल, म्हणजे ती हुकलेस असेल, तर फार सांभाळून. अशा रिमवर हुकलेससाठी मान्य केलेलेच टायर बसवायचे आणि हवा ५ बारच्या, म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर कधीही न्यायची नाही (बार आणि पीएसआय ही दोन्ही दाबाची मापं, पंपाच्या काट्यावर दिसतात). टायर आणि रिम दोघांच्या मर्यादांपैकी जी कमी, ती आपली.

ट्यूबच वापरायची असेल तर एक माप रुंद टायर घ्या आणि पुढे दिलेल्या दाबात ४–५ पीएसआय वाढवा.

आता नक्षी

मोटारीच्या टायरला पाणी बाहेर फेकायला खाचा लागतात. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की डांबरावर किंवा दगडी फरशीवर तो पाण्यावर तरंगत नाही. तिथे गुळगुळीत किंवा कानशीसारखी बारीक नक्षीच चांगली, आणि ओल्या दगडावर पकड येते ती रबराच्या मऊपणातून. घट्ट जमिनीवर सुटी खडी असेल तर मध्ये बारीक नक्षी आणि कडेला उंचवटे: सरळ जाताना पळतो, वळताना धरतो. चिखलात उंचवटे उंच आणि विरळ हवेत, दाट असले की माती त्यांतच भरून बसते आणि टायर पुन्हा गुळगुळीत होतो. शर्यतीत सरळ अंतरच जास्त असतं, म्हणून दोनांत घोटाळलात तर मधली नक्षी कमी असलेला टायर घ्या. पुढे थोडी जास्त आणि मागे कमी नक्षी हीही जुनी, कामाची युक्ती आहे.

दाब ठरवण्याची पद्धत

टायर बसला की खरं काम इथे सुरू होतं. स्वार ७० किलोच्या आसपास आणि टायर ट्यूबलेस असेल तर खराब रस्त्यासाठी सुरुवात अशी करा: ३२ च्या टायरला ५० पीएसआय, ४० ला ३४, ४५ ला २८. हे मागच्या चाकाचे आकडे. पुढे २–३ कमी. वजन १० किलोने जास्त-कमी असेल तर दाब ३–५ ने वर-खाली करा.

मग मार्गासारख्याच एखाद्या वाईट पट्ट्यावर जा. एक किलोमीटरही पुरतो. शर्यतीच्या वेगाने जा, परत या, २ पीएसआय काढा, पुन्हा जा. ‘ठक’ असा रिमचा आवाज येईपर्यंत किंवा वळणावर टायर बाजूला लोळल्यासारखा वाटेपर्यंत हे करत राहा. तिथून २–३ पीएसआय वर या. तो तुमचा आकडा. संपूर्ण फेरीत एखादा हलका ‘ठक’ मला चालतो, कार्बनची रिम असेल तर तोही नको. शर्यतीत घोळक्यात दगड दिसत नाहीत आणि दमल्यावर चाक उचलून टाकण्याची चपळाई राहत नाही, म्हणून एकट्याने सापडलेल्या आकड्याला आणखी एक पीएसआय जोडा.

दाब नेहमी एकाच गेजने मोजा. मोठ्या पंपावरचा काटा ३० च्या आसपास बऱ्याचदा खोटं बोलतो, आणि दोन पंपांचं तर एकमेकांशी कधीच पटत नाही. हातातला छोटा डिजिटल गेज घ्या. उन्हाचाही हिशोब धरा: पहाटे १० अंशांत भरलेली ३५ पीएसआय हवा दुपारी ३० अंशांत साडेतीनने वाढलेली असते. पाऊस पडला तर २ पीएसआय उतरवा.

शर्यतीआधीचे दोन आठवडे

नवा टायर आदल्या रात्री चढवू नका. दोन-तीन चांगल्या फेऱ्या होऊ द्या, म्हणजे ट्यूबलेसचा काठ नीट बसतो, सीलंट आतून पसरतं आणि उत्पादनातला दोष असला तर घरीच कळतो. फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. व्हॉल्व्हची चकती हातानेच आवळा. पक्कडीने आवळली तर रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आल्यावर ती निघणार नाही.

खिशात असू द्या: भोकात खुपसायच्या रबरी वाती आणि त्यांचा दाभण, एक हलकी ट्यूब, बाजूची चीर आतून झाकायला जाड प्लास्टिकचा किंवा जुन्या टायरचा तुकडा, आणि हवेची सोय. वाती खुपसण्याचा सराव जुन्या टायरवर आधी करा. ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा: सीलंटने इतके दिवस गप्प ठेवलेले काटे नव्या ट्यूबला पहिल्याच फेरीत भेटतात.

शर्यत झाली की टायर धुऊन उजेडात फिरवून पाहा, चिरांमधले खडे टोकदार काडीने काढा. आणि एक वही ठेवा: मोजलेली रुंदी, पुढचा-मागचा दाब, रस्ता कसा होता, हवामान, आणि शेवटच्या रकान्यात ‘ठक’ किती वेळा.