काउंटर, रंगपट आणि मधलं दार

पणजीच्या एका हॉटेलात मी बावीस वर्षं रिसेप्शन सांभाळते. त्याहून जास्त वर्षं म्हार्दोळला गावच्या उत्सवी नाटकात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करते. ऑक्टोबरात मोसम सुरू झाला की काउंटरवर नवी मुलं येतात, आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतं, "मॅडम, दिवसभर असं हसत राहायचं म्हणजे खोटंच वागायचं ना?"

नाही. काउंटरवर मी मॅडम, घरी आई, देवळात कुणाची तरी सून, विंगेत सगळ्यांची मावशी. यातली एकही खोटी नाही. मात्र कुठे काय दाखवायचं आणि काय आत ठेवायचं, हे शिकावं लागतं.

सगळ्यात आधी आपला रंगपट कुठे आहे ते नक्की करा. नट रंगपटात बिडी ओढतो, मिशी खाजवतो, उरलेला संवाद घोकतो, म्हणून रंगमंचावर तो राजा दिसतो. आपल्यालाही अशी जागा लागते. एर्विंग गॉफमन हा कॅनडात जन्मलेला समाजशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ च्या दरम्यान स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर राहिला आणि तिथल्या एका हॉटेलातला कारभार त्याने जवळून पाहिला. तिथे स्वयंपाकघराच्या दारावरून रोजची कटकट. ट्रे नेणं-आणणं सोपं व्हावं म्हणून कामवाल्या मुलींना दार उघडं हवं, आणि आतली वागणूक पाहुण्यांना दिसू नये म्हणून चालवणाऱ्यांना ते बंद हवं. माणूस पुढे एक आणि मागे दुसरा कसा असतो, हे त्याने अशाच जागांवरून दाखवलं. मला ते वाचताना आमचंच दार आठवलं.

आमच्या काउंटरमागच्या खोलीचं दार आपोआप लागायचं. पावसाळ्यात लाकूड फुगलं की चार बोटं फट राहायची. एका जुलैत एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या आणि दोनदा खोली बदलून मागितली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी आत जाऊन सहकारणीला म्हटलं, "ह्यांना राजवाडाच बांधून द्यायला हवा." आजी बाहेर सोफ्यावर, फटीच्या अगदी समोर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर कळलं की त्यांना बाथरूमचा उंबरा ओलांडता येत नव्हता, आणि हे चारचौघांत सांगायची लेकीला लाज वाटत होती. जाताना आजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मला अजून लागतं.

तेव्हापासून दोन गोष्टी शिकवते. आत गेल्यावर दार हाताने ओढून बघा. आणि आत पाय मोकळे करा, चहा घ्या, कंबर दुखते म्हणून कण्हा, पण पाहुण्याबद्दल त्याच्यासमोर बोलता येणार नाही असं काही बोलू नका.

दुसरं, तोंडापेक्षा अंग जास्त बोलतं. शेटलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोची गोष्ट गॉफमनने लिहिली आहे. बाहेरून आलेला पाहुणा तिच्या स्वयंपाकाची वाखाणणी करायचा. ती हसून ऐकायची, पण लक्ष ठेवायची काटा-चमचा किती भरभर तोंडाकडे जातो त्यावर. आपल्या आया तेच करतात. जावई "हुमण बरें जालां", माशाची आमटी छान झालीय, म्हणतो, आणि सासू बघते ताटात दुसऱ्यांदा शीत, म्हणजे भात, घेतलं का. तसंच पाहुणाही तुमचं अंग वाचतो. म्हणून "नमस्कार" म्हणायच्या आधी मान वर करा. कीबोर्डवरचे हात थांबवा. कॉम्प्युटर अडकला तर स्क्रीनकडे कपाळाला आठ्या घालून बघत बसू नका, "दोन मिनिटं लागतील, बसा" असं सरळ सांगा. बाकी इस्त्री, नखं, केस हे तुम्हाला येतंच.

गोव्यात आणखी एक अडचण असते, सगळे सगळ्यांना ओळखतात. परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट हातात आणि समोर देवस्थानचे महाजन उभे, असं माझं झालंय. अशा वेळी अनोळखी असल्यासारखं करू नका, ते फार लागतं. कोकणीत दोन वाक्यं बोला, ड्युटी सुटल्यावर फोन करते म्हणा आणि पासपोर्टकडे वळा. आपली माणसं समजून घेतात. तासभर गप्पा मारल्यात तर दोन्हीकडचं मन राखता येणार नाही.

शेवटचं प्रॉम्प्टिंगमधून घेतलंय. नट अडला तर सगळा संवाद वाचून दाखवायचा नसतो. त्याची नजर विंगेकडे वळली की पहिले दोन शब्द, तेही त्याच्यापुरते. काउंटरवरही तसंच. गेल्या मोसमात एका नव्या मुलाने पाहुण्याला नाश्ता अकरापर्यंत असल्याचं सांगितलं. मी मध्ये बोलले नाही. चिठ्ठीवर '१०.३०' लिहून त्याच्या हाताखाली सरकवली. त्याने वाचलं, श्वास घेतला आणि म्हणाला, "माफ करा, साडेदहापर्यंत." पाहुणा त्यालाच थँक्यू म्हणून लिफ्टकडे गेला.