कंट्रोलरची स्टिक आपोआप सरकतेय? आधी डेडझोन बघा
कंट्रोलरला हात न लावता गेममधला गडी डावीकडे चालू लागला, म्हणून लगेच दुरुस्तीसाठी पुण्यातल्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, गाठू नका. विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाइप करून प्रॉपर्टीज उघडा. स्टिक चारी बाजूंना ढकलून सोडा आणि अधिकचं चिन्ह कुठे थांबतंय ते बघा. दर वेळी वेगळीकडे? मग आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिक किती वळली ते मोजणारा भाग, बहुधा झिजलाय; कॅलिब्रेशनने, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने नोंदवून, फारसं काही होणार नाही. एकाच जागी थांबत असेल तर कॅलिब्रेट करा. मध्यबिंदू नोंदवताना स्टिकला बोट टेकलं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! नंतर गेममध्ये डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल गेम धरतच नाही ती, शून्यापासून एकेक टक्का वाढवा, गडी जागचा हलेनासा झाला की थांबा. माझ्या जुन्या कंट्रोलरला ८ टक्के पुरले. २० च्या पुढे जावं लागलं तर नेम धरताना स्टिक बोथट वाटते. मग मात्र तपकीर गल्ली.