न्यूजलेटर जसंच्या तसं पोचावं म्हणून

न्यूजलेटरचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला वाटलं, वर्डमध्ये नीट बसवायचं, कॉपी करायचं आणि मेलमध्ये पेस्ट करायचं. पहिला अंक तसाच पाठवला. माझ्या स्क्रीनवर दोन रकाने, कडेला चौकटीत संपादकीय, सगळं जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी एका सहकारी मैत्रिणीने तोच अंक फोनवर दाखवला. चौकट गायब, संपादकीय अहवालाच्या मधोमध शिरलेलं आणि फोटोखाली दुसऱ्याच कुणाचं नाव. फोटोतल्या आणि खाली नाव पडलेल्या, अशा दोघांना फोन करून माफी मागितली, आणि मग हे काम मुळापासून शिकायला बसले.

मेलमधून मांडणीचं चित्र जात नाही, मांडणीच्या सूचना जातात. त्या वाचून समोरच्याचा प्रोग्राम पान नव्याने उभं करतो आणि प्रत्येकाची रीत वेगळी. विंडोजवरच्या जुन्या, ‘क्लासिक’ आउटलुकने २००७ पासून मेल दाखवायला वर्डचंच इंजिन घेतलं. फ्लेक्सबॉक्स, ग्रिड असल्या ब्राउझरमध्ये सर्रास चालणाऱ्या मांडणीच्या पद्धती तिथे चालत नाहीत. म्हणून वेबवाल्यांनी मांडणीसाठी कधीच सोडून दिलेली टेबलं, म्हणजे घरांचे तक्ते, मेलमध्ये अजून लागतात. मी बाहेर एक टेबल घेते, रुंदी ६०० पिक्सेल, आणि आत शक्यतो एकच रकाना. दोन रकान्यांचा मोह मलाही होतो, पण फोनवर वाचणाऱ्याला एकाखाली एक मजकूरच सोयीचा पडतो. मोकळी जागा हवी असेल तर पॅडिंग टेबलाच्या घराला द्यावं, परिच्छेदाला दिलेलं आउटलुक मानेलच असं नाही. रंग, अक्षराचा आकार या सूचना त्या-त्या घटकातच इनलाइन लिहाव्यात. वर एका जागी लिहिलेली स्टाइल मेल फॉरवर्ड झाला की अनेकदा गळून पडते.

चित्रांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चित्र सर्व्हरवर ठेवून त्याचा पूर्ण पत्ता द्यायचा. आपल्या संगणकावरच्या फोल्डरचा पत्ता दिला तर ते फक्त आपल्यालाच दिसतं. एकाखाली एक चित्रं लावली की मधे बारीक पांढरी फट राहते. चित्राला ‘डिस्प्ले ब्लॉक’ ही सूचना दिली की ती जाते. या एका फटीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती. आणि अनेकांकडे चित्रं आपोआप उघडत नाहीत, तेव्हा चित्राऐवजी दिसेल असा पर्यायी मजकूर लिहाच. अख्खा अंक एकच मोठं चित्र करून पाठवायचा सल्ला कुणीतरी देईल, तो ऐकू नका. चित्र उघडलं नाही तर हाती कोरा मेल, आणि दृष्टिहीन वाचकाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, त्यातलं अक्षरही वाचू शकत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मेलच्या वजनाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. मेलचं एचटीएमएल, म्हणजे मजकूर आणि मांडणीच्या सूचना मिळून होणारा कोड, साधारण १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल पुढचा भाग कापतं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षि’ हे एक अक्षर दिसतं, पण क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून बारा बाइट होतात. त्यात वर्डमधून थेट पेस्ट केलं तर न दिसणारा कोडचा पसारा सोबत येतो. मी मजकूर आधी साध्या नोटपॅडमध्ये टाकते, तिथून उचलते. कापलेल्या भागात बहुधा तळाची अनसबस्क्राइबची, म्हणजे यादीतून नाव काढायची लिंकच जाते, मग बाहेर पडू न शकलेला वाचक चिडून आपल्याला स्पॅममध्ये टाकतो.

एचटीएमएलसोबत साध्या मजकुराची प्रतही जोडावी. बहुतेक न्यूजलेटर सेवा ती स्वतः तयार करतात, तरी एकदा वाचून घ्यावी.

पाठवण्याआधी मी अंक जीमेलवर, आउटलुकवर आणि दोन वेगळ्या फोनवर मागवते. एकदा चित्रं बंद ठेवून, एकदा डार्क मोडमध्ये, एकदा फॉरवर्ड करून बघते. पारदर्शक पार्श्वभूमीवरचा काळा लोगो डार्क मोडमध्ये नाहीसा होतो, हे असंच एका चाचणीत सापडलं. फोटोखालची नावं मात्र मी अजूनही बोट ठेवून, एकेक करून तपासते.