गेमिंगवर निर्बंध घालणारा मसुदा कसा तपासावा

व्हिडिओ गेमच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी सरकार कायद्याचा मसुदा प्रसिद्ध करून त्यावर हरकती व सूचना मागवते, तेव्हा ‘बंदी हवी’ किंवा ‘बंदी नको’ एवढेच लिहून पाठवल्याने काहीही साधत नाही. मसुदा हाती आला की सर्वप्रथम व्याख्यांचे कलम काढावे आणि त्यात व्यसन कशाला म्हटले आहे ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातील ‘गेमिंग डिसऑर्डर’च्या वर्णनात तासांची मर्यादा नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहणे, ही लक्षणे त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान १२ महिने दिसावी लागतात. मसुद्यात नुसते तास मोजले असतील, तर पहिली हरकत तिथेच नोंदवावी.

यानंतर अंमलबजावणीच्या कलमाकडे वळावे आणि एखादा चलाख चौदा वर्षांचा मुलगा त्यातून कशी वाट काढेल, याचा विचार करावा. त्याला फारसे काही करावे लागत नाही. आजीच्या नावाने खाते उघडले की नियमाच्या लेखी आजीच रात्रभर खेळत असते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले, परंतु मोबाइलवरील बहुतेक गेम त्यातून सुटले आणि मुलेही तिकडेच वळली. तो कायदा २०२२ च्या प्रारंभी संपुष्टात आला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ठेवला. मोठ्यांच्या खात्यांवरून खेळणारी मुले शोधण्यासाठी तिथे चेहरा ओळखणारी यंत्रणाही वापरण्यात आली. घड्याळाचा नियम पाळून घ्यायचा तर ओळख तपासावी लागते आणि ती तपासणी प्रौढांनाही चुकत नाही. म्हणून ही माहिती कोण साठवणार आणि ती केव्हा पुसली जाणार, हे मसुद्यात नसेल तर आवर्जून विचारावे.

माझ्या मते खरी कसोटी पैशांच्या कलमाची आहे. लूट बॉक्स, म्हणजे आत कोणती वस्तू निघेल हे आधी न कळणारी खेळातील पेटी, उघडताना पडद्यावर ती थरथरते, प्रकाश फाकतो, दुर्मीळ वस्तू अगदी हाताशी येऊन निसटल्यासारखी वाटते आणि लगेच ‘पुन्हा उघडा’चे बटण पुढे येते. ही रचना कंपनीने जाणूनबुजून केलेली असते. घरातल्या कोणत्याही शिस्तीने ती बदलता येत नाही, पण कायद्याने येते. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले आणि काही कंपन्यांनी त्या तेथून काढून टाकल्या; अनेक मोबाइल गेममध्ये मात्र त्या राहिल्याच, कारण निर्णयामागे पुरेशी तपासणी उभी राहिली नाही.

सूचना लिहिताना कलमाचा क्रमांक द्यावा, बदललेला मजकूर स्वतः सुचवावा आणि भावनिक प्रस्तावना टाळावी. अल्पवयीनांच्या खर्चावर मर्यादा, पेट्यांवर बंदी, समुपदेशनासाठी निधी आणि दोन वर्षांनी स्वतंत्र आढावा या मागण्या वेगवेगळ्या मुद्द्यांत मांडाव्यात, म्हणजे एक फेटाळली गेली तरी उरलेल्या मागण्यांचा विचार होऊ शकेल.