रोस्त बेटावरचा बिनमिठाचा सुका कॉड: कसा टांगायचा, कसा भिजवायचा

नॉर्वेच्या लोफोटेन द्वीपमालेच्या दक्षिण टोकाला असलेल्या रोस्त या छोट्या नगरपालिकेची ओळख म्हणजे स्टॉकफिश, म्हणजेच मीठ न लावता वाऱ्यावर सुकवलेला कॉड हा समुद्री मासा. जहाज बुडाल्यावर व्हेनिसचा व्यापारी पिएत्रो क्वेरिनी 1432 मध्ये इथेच किनाऱ्याला लागला. आजही या माशाचं मोठं गिऱ्हाईक इटलीच आहे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा ताजा कॉड घ्या. डोकं आणि आतडी काढून स्वच्छ धुवा. पोटात रक्त राहिलं तर तिथूनच मासा बिघडतो. सारख्या आकाराचे दोन मासे शेपटीला बांधून लाकडी मांडवावर जोडीने टांगा. आपल्याकडे बोंबीलही जोडीनेच टांगतात, फक्त जबड्यात जबडा अडकवून. शेपूट वर, कापलेली बाजू खाली, म्हणजे पावसाचं पाणी निथळतं. मासे एकमेकांना चिकटू देऊ नका, वारा अडतो.

खरी करामत हवेची. तापमान शून्याच्या जरा वर हवं. कडक गोठलं तर बर्फाचे स्फटिक मांस फाडतात आणि मासा स्पंजासारखा होतो. ऊब वाढली तर माश्या अंडी घालतात.

मे-जूनमध्ये उतरवून कोरड्या, हवेशीर कोठारात दोन-तीन महिने मुरवा. पाच किलोंचा साधारण एक किलो उरतो.

शिजवण्याआधी लाकडी हातोड्याने ठेचा, मग पाच-सात दिवस थंड पाण्यात, फ्रिजमध्येच भिजवा. पाणी रोज बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. मधोमध बोटाने दाबल्यावर कडक गाठ लागली, तर अजून एक दिवस ठेवा.